मेजरसाहेबांचा चेहरा आणि वहिनींचे चिमटे

अहो, ऐकलंत का? या ना जरा कुंपणापाशी. इतक्या लांबून ओरडून सांगायची गोष्ट नाही ती. ती जास्वंदीची फांदी सरकवा हाताने, हां. आणि बघा बरं, मेजरीणबाई गच्चीवर नाहीत ना? नाहीत? मग सांगते.

काल दिवेलागणीला मेजरसाहेब पंक्चरवाल्याच्या दुकानातून बाहेर पडताना दिसले मला. हातात पिशवी, वर वर्तमानपत्र झाकलेलं. मी आपलं सहज म्हटलं, "काय साहेब, सायकल घेतली वाटतं?" तर म्हणतात, "नाही नाही, ते आपलं… असंच." असंच! जुन्या सायकलच्या ट्यूबा होत्या अहो त्यात. एक टोक लोंबत होतं बाहेर. ज्या माणसानं दिवाळीआधी अख्ख्या कॉलनीसमोर "हा काय भंगारवाला प्रकार" म्हणून नाक मुरडलं होतं, तोच माणूस…

थांबा, नीट क्रमानं सांगते. गुहागरला काय काय झालं ते कळलं नाही ना तुम्हाला? तुम्ही दिवाळीत माहेरी होतात. मला तिघांकडून कळलंय. वहिनींनी सांगितलं, मेजरीणबाईंच्या तोंडून थोडं निसटलं, आणि वहिनींचा भाचा सोबत गेला होता, त्यानं तर साभिनय करून दाखवलं.

बँकवाल्यांची, म्हणजे वहिनी-भावजींची गाडी तुम्हाला माहितीच आहे. सरकारनं 2021 साली ते कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं ना, तेव्हापासून भावजींच्या डोक्यात ते खूळ. रिटायर झाले आणि जुनी फोर्स ट्रॅव्हलर घेतली. कऱ्हाडच्या कुणा गॅरेजवाल्याकडून आत ओटा, बेसिन, पलंग, टपावर सोलर असं सगळं करून घेतलं. आरसी बुकात तशी नोंदही केली. ती करावीच लागते, नाहीतर उद्या काही झालं तर इन्शुरन्सवाले हात वर करतात. हे सगळं होतंय न होतंय तोच मेजरसाहेबांच्या दारात ती पांढरीशुभ्र तयार मोटरहोम येऊन उभी! टपावर एसी, बटण दाबलं की बाहेर येणारी पायरी, आणि तो तीन तऱ्हांनी चालणारा फ्रिज, गॅसवर, बॅटरीवर आणि घरच्या लाइटवर. पूजा झाली, पेढे वाटले, आणि वहिनींच्या हातावर पेढा ठेवता ठेवता मेजरीणबाई म्हणाल्या, "तुमचीही छान आहे हो. घरगुती आहे."

घरगुती! वहिनींनी पेढा तोंडात टाकला आणि नुसत्या हसल्या. मी तिथेच उभी होते. म्हटलं, हे हसू कुणाला तरी महागात पडणार.

तशी त्या गाडीवरून वहिनींची आणि भावजींची आधीपासून जुंपलेली होतीच. भावजी काय, रोज एक पार्सल. घडीची बादली, घडीची किटली, घडीचं गाळणं… वहिनी म्हणाल्या, "आता एक घडीचा नवरा मागवा." (हे मी कुणाला सांगितलं म्हणून सांगू नका.) पण खरा तमाशा झाला तो मिक्सरवरून. वहिनींनी पहिल्या दिवशी वाटणाला मिक्सर लावला आणि इन्व्हर्टर ठप्प. भावजी कागद-पेन घेऊन बसले. मिक्सर 750 वॅटचा, बॅटरी 12 व्होल्टची, म्हणजे भागाकार करा, साठ-बासष्ट अँपिअर करंट ओढला जाणार, आणि मोटर सुरू होतानाचा झटका त्याच्या कितीतरी पट. तो झटका त्या इन्व्हर्टरला झेपत नाही. म्हणून भावजी आणखी मोठा इन्व्हर्टर, आणखी जाड वायर घ्यायला निघाले होते. वहिनींनी तोवर माळ्यावरचा खलबत्ता काढला. आणि ओलं खोबरं, आलं-लसूण, सगळी वाटणं घरूनच करून, चपट्या पिशव्यांत घालून गोठवून नेली. या गोठलेल्या पिशव्या फ्रिजला पण मदत करतात बरं का, वाटेत बर्फाचं काम करतात. फोडणीसुद्धा घरून! तेल, मोहरी, हिंग, हळद, सुक्या मिरच्या, कडक करून बाटलीत. गाडीत फोडणी दिली की तो वास पडद्यांत, गाद्यांत चार दिवस राहतो. वरणावर चमचाभर ओतली की झालं. इन्व्हर्टर आहे तोच आहे अजून. भावजी त्या विषयावर बोलत नाहीत.

तर काय सांगत होते… हां, ट्यूबा.

अहो, ट्रॅव्हलरची पहिली फेरी कासपर्यंत झाली ना, तेव्हा आतून आवाज काय येत होता म्हणता! भांडी, डबे, बाटल्या, कपाटांची दारं. भावजींनी त्यावर एक कसलं परदेशी कुलूप शोधून काढलं होतं, दर कपाटाला एक, आणि किंमत ऐकून वहिनींनी डोक्याला हात लावला. त्यांनी पंक्चरवाल्याकडून टाकाऊ ट्यूबा आणल्या, साबणानं धुतल्या, कात्रीनं रुंद-अरुंद चकत्या कापल्या. झाली रबरं तयार. कपाटाच्या दोन मुठींना एक अडकवायचं, दार उघडत नाही. डब्याच्या झाकणावरून एक घालायचं, घाटात झाकण उडत नाही. वायरीची गुंडाळी, छत्री, केरसुणी, सगळ्याला तेच. ताटांच्या मधे जुन्या सुती साडीचे तुकडे घातले, काचेच्या बरण्यांना भावजींचे जोडी हरवलेले मोजे. कपाटात आडवा तो स्प्रिंगचा पडद्याचा रॉड बसवला, म्हणजे दार उघडल्यावर डबे डोक्यात पडत नाहीत. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये वाट्या आणि छोटे पेले. आणि घाट चढायच्या आधी तेलाच्या, शांपूच्या बाटल्यांचं झाकण काढून मधे प्लॅस्टिकचा कागद घालून परत घट्ट लावायचं. महाबळेश्वर साडेचार हजार फूट वर, बाहेरची हवा विरळ होते आणि बाटलीतली बाहेर यायला बघते. वेफरचं पाकीट फुगतं ना वर गेल्यावर, तेच.

हे सगळं वहिनी मांडत होत्या अंगणात, तेव्हा मेजरसाहेब फिरायला निघालेले. थांबले, चष्म्यावरून बघितलं, आणि तेव्हा म्हणाले ते वाक्य. भंगारवाला प्रकार. वहिनींच्या हातात तेव्हा भावजींचा निळा मोजा होता, त्यातून लोणच्याची बरणी डोकावत होती. त्या म्हणाल्या, "साहेब, तुमच्या गाडीत आवाज येत नाही का?" ते म्हणाले, "इंजिनीअर्ड आहे ती."

आणि मग ठरलं दोघांनी मिळून गुहागर. कुणी ठरवलं विचारू नका, भावजींनीच उत्साहात बोलावलं. वहिनींच्या लांबच्या नात्यातल्यांची वाडी आहे तिथे, नारळी-पोफळीची. कऱ्हाडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, पुढे गुहागर.

घाटात वहिनींनी कपडे धुतले. हसू नका, खरंच. म्हणजे झालं असं, भावजींनी कधीतरी त्या स्टाइनबेकचं पुस्तक वाचलेलं. नोबेलवाला अमेरिकन लेखक. तो 1960 साली ट्रकवर घर बांधून, कुत्र्याला घेऊन अमेरिकाभर फिरला होता. गाडीचं नाव रोसिनांते, त्या डॉन किहोतेच्या घोड्याचं. त्यानं म्हणे झाकणाची कचऱ्याची बादली इलॅस्टिकच्या दोरीनं कपाटात टांगली होती. आत पाणी, साबण, मळके कपडे. दिवसभर गाडी हलत राहायची, कपडे आपोआप घुसळून निघायचे. भावजी हे लोकांना सांगत सुटायचे, करायचे मात्र नाहीत. वहिनींनी केलं. घट्ट झाकणाचा रंगाचा रिकामा डबा, त्यात निम्मं पाणी, चिमूटभर पावडर, कपडे, आणि बेसिनखाली ट्यूबनं करकचून बांधलेला. कुंभार्लीची वळणं तुम्हाला माहितीच आहेत. चिपळूणला उतरेपर्यंत टॉवेल, बनियन स्वच्छ! फक्त भाच्याचा नवा लाल रुमाल आत गेला होता, त्यामुळे भावजींचं बनियन आता गुलाबी आहे. तेच पाणी मग सांडपाण्याच्या टाकीत सोडलं. साबणाचं पाणी टाकीत हिंदकळत गेलं की टाकीही धुतली जाते, वास मरतो. भावजींनी कुठे तरी बर्फाचे खडे टाकायचं वाचलं होतं. वहिनी म्हणाल्या, "बर्फ सरबतात घाला."

पाण्यावरून आठवलं. मेजरसाहेबांनी निघतानाच टाकी काठोकाठ भरलेली. 100 लिटर म्हणजे सरळ 100 किलो, एक धष्टपुष्ट माणूस फुकट घाटावरून नेल्यातला प्रकार. वहिनींनी वाटेपुरतं घेतलं आणि वाडीवर विहिरीचं भरलं, फडक्यातून गाळून. पिण्याचं मात्र वेगळ्या कळशीत, टाकीतलं कधीच नाही. ते मला पटलं.

तर वाडीवर पोचले. आता कोकणातली वाट तुम्ही बघितली आहे, दोन्ही बाजूंनी जांभ्याचे गडगे, वरून फणसाच्या फांद्या, त्यातून लोंबणाऱ्या वायरी. भावजींच्या गाडीत स्टेअरिंगसमोर कागद चिकटवलाय, गाडीची उंची फुटांत आणि मीटरमध्ये, सोलर आणि टपावरच्या व्हेंटसकट. वहिनींनी स्वतः टेप धरून मोजली होती. मेजरसाहेबांना उंची पाठ होती. पण ती कंपनीच्या पुस्तकातली, टपावरचा एसी सोडून! फणसाच्या फांदीनं कर्रर्र केलं तेव्हा मेजरीणबाई म्हणाल्या, "अहो, काय झालं?" आणि साहेब म्हणाले, "काही नाही, वारा आहे." भाचा सांगत होता, पान हलत नव्हतं.

पण खरा किस्सा फ्रिजचा. वाडीत जागा उताराची. वहिनींनी गाडी लागल्या लागल्या तवा ठेवला, घावन घालायला. तेल टाकलं तर ते सगळं एका कडेला जमा. त्यांनी खिडकीतून हाक मारली, "अहो, पुढचं डावं चाक खाली आहे!" भावजी तोवर दोन स्पिरिट लेव्हल आणि मोबाइल घेऊन वाकलेले. तव्याचं उत्तर आधी आलं. जुन्या चौकटीच्या सागवानी फळ्या होत्या बरोबर, पायऱ्यांसारख्या एकावर एक ठोकलेल्या. त्या चाकापुढे ठेवल्या, गाडी वर चढवली, हँडब्रेक ओढला, मागे दगड लावला. पुन्हा तवा. तेल मधोमध. मग घावन.

भावजींनी मेजरसाहेबांना म्हटलं, तुम्हाला देऊ का फळ्या? साहेब म्हणाले, "नो नीड. ऑटोमॅटिक आहे सगळं."

आता त्यांचा तो तीन तऱ्हांचा फ्रिज. त्यात आपल्या फ्रिजसारखा कॉम्प्रेसर नसतो. अमोनियाचं द्रावण असतं, ते तापून, आपल्या वजनानं खाली उतरून फिरत राहतं आणि गारवा करतं. गाडी तिरकी राहिली की ते नळ्यांत अडतं आणि गारवा बंद. शिवाय उकाड्यात तो आधीच दमतो. भावजींचा साधा 12 व्होल्टचा, पण कॉम्प्रेसरवाला, त्याला थोड्या कलण्याचं काही नाही. वाडीवाल्यांनी दोघांनाही ताजी सुरमई दिलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मेजरीणबाईंनी फ्रिजचं दार उघडलं आणि… नको, तुमची जेवणाची वेळ आहे. भाचा म्हणतो, वाडीतली तीनही मांजरं गाडीच्या पायरीवर येऊन बसली होती. मेजरीणबाई काही बोलल्या नाहीत. साहेबांकडे नुसतं बघितलं. आणि साहेबांचा चेहरा, वहिनींच्या शब्दांत सांगते, "सलामी घ्यायला उभे राहिले आणि पलटणच आली नाही." दुपारी वहिनींनी आपली सुरमई तळून अर्धी त्यांच्याकडे पाठवली. वर झाकण, झाकणावर ट्यूबचं रबर. तसंच, मुद्दाम.

रात्रीचं अजून निराळं. साहेबांनी वाडीवाल्यांच्या पडवीतल्या प्लगवरून वायर घेतली आणि एसी लावला. वायर त्या ड्रमवर अर्धी गुंडाळलेलीच. एवढा लोड गुंडाळलेल्या वायरीतून गेला की ती तापते, सगळी उलगडून पसरायची असते. मध्यरात्री जळक्या प्लॅस्टिकचा वास! बंद केला एसी. बॅटरीवर चालवतो म्हणाले. भावजींना तर हिशोबाची संधीच हवी असते, रात्री बारा वाजता लुंगीवर समजावत होते, 100 अँपिअर-अवरची लिथियम म्हणजे साधारण 1280 वॅट-तास, एक टनाचा एसी तासाला हजार-बाराशे खाणार, म्हणजे जेमतेम तासभर. आणि 100 वॅटचं सोलर पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसभरात चार-पाचशे परत देणार, तेही सावलीत गाडी लावली नसेल आणि पॅनेलवरची धूळ पुसलेली असेल तर. मेजरसाहेब म्हणाले, "गुड नाइट."

वहिनी कशा झोपल्या? दिवसभर खिडक्यांना बाहेरून ते चंदेरी फोमचं कापड लावलेलं. काचेच्या मापानं कापून, कडेला साडीचा फॉल शिवून. आतून पडदा लावला तर ऊन काच ओलांडून आत आलेलंच असतं, बाहेरून अडवायला हवं. रात्री ते काढलं, टपाचं व्हेंट उघडलं, 12 व्होल्टचा छोटा पंखा, आणि मच्छरदाणी. ओला पडदा लावायचं मी सुचवलं होतं त्यांना, वाळ्याचा असतो ना तसा. वहिनी म्हणाल्या, "ते नागपूरकडे. कोकणात हवाच ओली, पडदा वाळणार कुठे आणि गार करणार कुठे." बरोबर आहे त्यांचं. व्हेंट मात्र थंडीतही बोटभर उघडं ठेवतात त्या. नाहीतर रात्रभराच्या श्वासाची वाफ सकाळी काचांवरून ओघळून गाद्यांत जाते.

आणि एका गोष्टीत त्या अजिबात थट्टा ऐकून घेत नाहीत. गॅस. भाच्याला पाचगणीच्या थंडीत कोळशाची शेगडी आत घ्यायची होती, तर त्याला अशी झापली की बिचारा अजून त्यांच्याशी जपून बोलतो. बंद गाडीत निखारा ठेवून झोपलं की तो विषारी वायू साचतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. गॅसच्या शेगडीवर ऊब घेत झोपायचं, तेही नाही. सिलिंडर छोटा, पाच किलोचा, उभा बांधलेला, आणि त्या कप्प्याला तळाशी जाळी. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, वरच्या खिडकीतून जात नाही. प्रत्येक वेळी जोडल्यावर साबणाचा फेस लावून बुडबुडे बघतात. आणि किती उरलाय बघायला आपला जुना उपाय, ओलं फडकं फिरवायचं. वरचा भाग पटकन वाळतो, जिथे आत गॅस आहे तिथवर ओल टिकते. वाचवायचा कसा? तांदूळ-डाळीची खिचडी, एक शिट्टी, आणि कुकर तसाच गोधडीत गुंडाळून खोक्यात. वाफ जिरेपर्यंत समुद्रावर फिरून यायचं. आयती शिजलेली.

बरं, ते दुसरं प्रकरण… हळू बोलते. गाडीतलं संडासाचं. ती पेटी असते ना खालून ओढून काढायची, तिच्या रबराला मेजरसाहेबांनी व्हॅसलीन चोपडलं होतं, सरकायला बरं म्हणून. तेलकट पदार्थानं असलं रबर फुगतं, मऊ पडतं. मग… घाटात… जाऊ द्या. त्याला सिलिकॉनचा स्प्रे लागतो. खोबरेल पण नाही चालत. एवढंच सांगते की त्या दिवशी मेजरीणबाई उरलेला घाट वहिनींच्या गाडीत बसून उतरल्या.

अहो पण मुख्य राहिलंच की! चिमटे!

वहिनींची नणंद इंग्लंडात लीड्सला असते. त्यांच्याकडेही अशीच गाडी आहे. तिनं सांगितलेलं: कपडे वाळत घालायचे चिमटे घ्यायचे. लाइटची वायर बाहेर जोडली की लाल चिमटा स्टेअरिंगला. पायरी बाहेर काढली की पिवळा. टपाचं व्हेंट उघडलं की निळा. स्टेअरिंगवर एकही चिमटा असेपर्यंत चावी फिरवायची नाही. वहिनींनी पहिल्या दिवसापासून लावलेले. भावजींनी गुहागरला काय केलं असेल? मेजरसाहेब समोर चहा घेत बसलेले, तर यांनी लाजून गुपचूप तिन्ही चिमटे काढून खिशात टाकले. "लोक म्हणतील, धुण्याची दोरी करून ठेवलीय."

आणि निघायच्या दिवशी सगळ्यांना अच्छा-टाटा करून, गाडी गिअरमध्ये टाकून निघाले ऐटीत. वायर पडवीतल्या प्लगला तशीच! वायर ताणली, ताणली, आणि वाडीवाल्यांचा अख्खा बोर्ड भिंतीतून उपटून अंगणात. ठिणग्या, धूळ, कुत्री भुंकायला लागलेली. नशीब, मेन स्विच पडला. वाडीवाले आजोबा शांतपणे म्हणाले, "आता वायरमन चिपळुणातून यायचा म्हणजे चार दिवस." भावजींचा चेहरा! आणि मेजरसाहेब हसले हो, चांगले खो-खो हसले, मांडीवर थाप मारून. हसत हसत आपल्या गाडीत चढले, सुरू केली, आणि यांची ती बटणाची पायरी बाहेरच. आत घ्यायचं बटण दाबायचं राहिलं. पहिल्याच वळणावर गडग्याला लागली आणि कागदाच्या घडीगत मुडपली.

वहिनी खाली उतरल्या, भावजींच्या शर्टाच्या खिशातून तीन चिमटे काढले आणि चालत जाऊन मेजरसाहेबांच्या बॉनेटवर ठेवले. बोलल्या काहीच नाहीत. मेजरीणबाई इतक्या हसल्या म्हणे की त्यांचा चष्मा खाली पडला.

म्हणून तर म्हटलं, ट्यूबा! बोलणं बंद होतं ना दोन्ही घरांचं पंधरवडाभर, ते आता असं मागच्या दारानं सुरू झालंय. परवा मेजरीणबाई वहिनींकडे आल्या, हातात खिडक्यांची मापं लिहिलेला कागद. तसलं चंदेरी कापड शिवून द्याल का म्हणाल्या. आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली, तर उंदरांचं काय करायचं तेही विचारलं. वहिनींनी सांगितलं, बॉनेटमध्ये तंबाखूच्या पानांच्या पुरचुंड्या बांधा, वायरी खात नाहीत. फ्रिजच्या दारात टॉवेलची गुंडाळी घालून ते उघडं ठेवा, नाहीतर बुरशी. मला तंबाखूची शंका आहे जरा, आमच्या स्कूटरच्या डिकीत उंदीर ती पुरचुंडी उशाला घेऊन झोपला होता. पण सगळे गॅरेजवाले तेच सांगतात.

मेजरीणबाईंनी विचारलं, शिलाई किती द्यायची? वहिनी काय म्हणाल्या माहितीये? "पैसे नकोत. तुमच्या गाडीत दोन दिवस राहायचंय मला. गरम पाण्याच्या शॉवरसकट. आणि पुरुष नकोत."

आणि मेजरीणबाई हो म्हणाल्या! गाडी त्याच चालवणार. अहो, लहानपण सगळं कँटोन्मेंटात गेलंय त्यांचं, जीपवर शिकल्यात. साडेसात टनांच्या आतली गाडी, साधं आपलं एलएमव्हीचं लायसन चालतं. वाईच्या पुढे धोम धरणाच्या बाजूला कुणाची तरी शेतातली जागा आहे म्हणे. गुरुवारी पहाटे निघायचं. भावजींना अजून पत्ता नाही, मेजरसाहेबांना तर मुळीच नाही. त्यांना वाटतंय गाडी सर्व्हिसिंगला चाललीय.

आता मोठ्या गाड्यांना रिव्हर्स घेताना मागे माणूस लागतो उभा राहायला. भावजी नेहमी त्या 1885 सालच्या स्कॉटिश डॉक्टरची गोष्ट सांगतात, तो गॉर्डन स्टेबल्स. दोन घोड्यांचं फिरतं घर घेऊन हिंडायचा. सोबत कुत्रा, पोपट, आणि पुढे रस्ता मोकळा आहे का बघायला तीनचाकी सायकलवर नोकर. तसं कुणीतरी हवंच ना यांनाही…

म्हणजे, मलाच विचारलंय त्यांनी. मी हो म्हटलंय. आमच्याकडे घरात सांगितलंय की गोंदवल्याला जातेय. तुम्ही बोलू नका हं कुठे. आणि ती तुमची घडीची खुर्ची आहे ना, निळी? ती द्याल का शनिवारपर्यंत?